फितूर की साक्षीदार?

‘घरभेद्या’ हा शब्द आपल्या भाषेत शिवीच्या पंक्तीला बसलेला आहे. बिभीषण रामाच्या पक्षाचा, धर्माच्या बाजूचा, सप्तचिरंजीवांत गणलेला. तथापि आपल्या मुलाचे नाव हौसेने बिभीषण ठेवणारे घर महाराष्ट्रात शोधूनही क्वचितच सापडेल. आपल्या माणसांचे गुपित परक्याच्या कानी घालणे हे पाप, मग त्या गुपितात काहीही असो, अशी आपली उपजत समजूत आहे. आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असेही कोणी म्हणू नये. चार भाऊ जेथे एकत्र नांदतात तेथे संसाराचा गाडा ह्याच समजुतीवर चालतो. माजघरातली गोष्ट ओसरीवर येऊ नये, हा धडा आपण लिहावयास शिकण्यापूर्वीच शिकलेले असतो.

परंतु महाभारतात ह्याच्या उलट असे एक उदाहरण आहे आणि त्याला मात्र आपण कधी नावे ठेवीत नाही. पांडवांना वारणावतास धाडून तेथील लाक्षागृहात जाळून टाकावे, ही दुर्योधनाची गुप्त मसलत. विदुर हा हस्तिनापूरचा मंत्री. राजाच्या अन्नावर वाढलेला, राजाच्या विश्वासातला. त्याने काय केले? निरोपाच्या वेळी भोवतालच्या लोकांना उमगू नये अशा सांकेतिक भाषेत त्याने युधिष्ठिराला सावध केले. आणि मागाहून आपल्या भरवशाचा एक खनक पाठवून भुयार खणविले. राजघराण्याची मसलत फुटली आणि कुंतीसह सहा जीव वाचले. विदुराला कोणी फितूर म्हणत नाही. उलट ज्या भीष्मांनी द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी ठाम उत्तर दिले नाही आणि पुढे, आपण कौरवांच्या अन्नाने बांधलो गेलो, अशी कबुली दिली, त्यांच्याविषयी पराकाष्ठेचा आदर बाळगूनही आपले मन त्या स्थळी हळहळते.

बिभीषण आणि विदुर, दोघांनीही आपल्या राजाचे गुपित बाहेर नेले. मग एकाचे नाव म्हणीत अडकले आणि दुसऱ्याचे नीतिशास्त्राला लागले, ह्याचे कारण काय? एक कारण उघड दिसते. बिभीषणाने लंकेचे मर्म सांगितले ते लंकेवर चाल करून आलेल्याला. विदुराने सांगितले ते ज्यांच्या जिवावर ते गुपित उठले होते त्यांनाच. गेल्या साठ वर्षांत लष्करी गुपिते फोडल्याबद्दल निरनिराळ्या देशांत जे खटले झाले, त्यांतील काही आरोपी पहिल्या जातीचे होते, काही दुसऱ्या. कायद्याने मात्र त्या दोघांनाही बहुधा एकाच पिंजऱ्यात उभे केले आणि एकाच मापाने मोजले. हे न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेतील डॅनिएल एल्सबर्ग ह्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण ह्या प्रश्नाच्या सर्व बाजू त्या एका माणसाच्या चरित्रात एकवटलेल्या आहेत.

एल्सबर्ग हा काही सरकारचा जन्मजात विरोधक नव्हता. १९३१ साली जन्मलेला, हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, नौसैनिकांच्या पायदळात अधिकारी म्हणून तीन वर्षे चाकरी केलेला, असा तो मोठा हुशार आणि राजनिष्ठ मनुष्य. लष्कराला सल्ला देणाऱ्या रँड नावाच्या संस्थेत तो युद्धशास्त्राचा अभ्यास करी. तेथून तो वॉशिंग्टनच्या संरक्षणखात्यात गेला. त्याच्या तेथील कामाचा पहिला दिवस होता ४ ऑगस्ट १९६४. योगायोग असा की, त्याच दिवशी टोंकिनच्या आखातातून तारा येऊ लागल्या: उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकेच्या युद्धनौकांवर पुन्हा हल्ला केला आहे. काही तासांतच दुसऱ्या तारा आल्या. तेथील नौदल अधिकारीच आता कळवीत होता की, खराब हवा आणि खलाशांचा उतावळेपणा ह्यांमुळे भास झालेला असावा. पूर्ण तपास केल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. परंतु त्याच रात्री अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी देशापुढे भाषण करून हल्ला निश्चित झाल्याचे सांगितले आणि बाँबफेकीचा हुकूम सोडला. ७ ऑगस्टला अमेरिकन लोकसभेत ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशा मतांनी अध्यक्षांना युद्धाचा जवळजवळ कोरा अधिकार मिळाला. तो हल्ला झालाच नव्हता, हे आज इतिहासाने मान्य केले आहे. ज्या दोन सभागृहांनी मते दिली, त्यांच्यापुढे ती दुसरी तार कोणी ठेविली नव्हती.

पुढे एल्सबर्ग दोन वर्षे प्रत्यक्ष व्हिएतनाममध्ये होता आणि शिपायांबरोबर भाताच्या खाचरांतून हिंडला. ऑक्टोबर १९६६ मधील एक प्रसंग त्याने आपल्या आठवणींत सांगितला आहे. सायगावहून परत येणाऱ्या विमानात संरक्षणमंत्री मॅकनमारा ह्यांनी त्याला साक्षीला बोलावून घेतले आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याला ऐकविले की, वर्षभरात एक लाखाहून अधिक फौज वाढवूनही परिस्थिती सुधारली नाही, म्हणजे ती खरोखर बिघडलीच आहे. एल्सबर्गचे मतही तेच होते. विमान उतरले, मंत्रिमहाशय वार्ताहरांपुढे गेले, आणि आपल्या अपेक्षेपेक्षाही अधिक प्रगती पाहून आपण परतलो आहो, असे त्यांनी हसतमुखाने सांगितले. विमानातले बोलणे आणि विमानाखालचे बोलणे, ह्यांत काही मिनिटांचेच अंतर होते.

ह्याच मॅकनमारांनी १९६७ साली एक गुप्त इतिहास लिहविण्यास घेतला. १९४५ पासून १९६७ पर्यंत व्हिएतनामविषयी निर्णय कसे घेतले गेले, त्याची मूळ कागदपत्रांसह ४७ खंडांची, सुमारे ७००० पानांची बखरच ती. एल्सबर्ग तिच्या लेखकांपैकी एक होता आणि ती सबंध वाचलेल्या फार थोड्या लोकांपैकीही एक होता. तीत त्याला काय आढळले? एकामागून एक चार अध्यक्षांनी, दोन्ही पक्षांच्या, लोकांना एक सांगितले आणि आतून दुसरेच केले. युद्ध वाढविणार नाही असे आश्वासन देत १९६४ ची निवडणूक लढविली जात होती, तेव्हाच ते वाढविण्याचे बेत कागदावर तयार होत होते. ही शत्रूपासून राखलेली गुपिते नव्हती. आपल्यावर बाँब कोण टाकीत आहे, हे व्हिएतनामी शेतकऱ्याला सांगावयास वर्तमानपत्राची गरज नव्हती. गुपित राखले होते ते ज्यांची मुले लढावयास जात होती त्या अमेरिकन आईबापांपासून. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन शिपाई मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या तर अनेक लाखांच्या घरात जाते.

एल्सबर्गचे मन पालटले ते मात्र केवळ कागद वाचून नव्हे. १९६८ साली एका परिषदेत मद्रासकडची एक तरुणी त्याला भेटली होती. तिच्या तोंडून त्याने गांधीजींचा मार्ग प्रथम नीट समजून घेतला. ऑगस्ट १९६९ मध्ये हॅवरफर्ड येथील सभेत त्याने एका तरुणाला बोलताना ऐकले. सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तो तरुण लवकरच तुरुंगात जावयाचा होता, आणि ते तो आनंदाने सांगत होता. एल्सबर्ग सभागृहाबाहेर पडला आणि एकांतात बराच वेळ रडला. तुरुंगाची तयारी ठेवली तर आपल्याला काय करता येईल, हा प्रश्न त्याने त्या दिवशी स्वतःला विचारला.

पुढची गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांना विशेष विचार करावयास लावील. ऑक्टोबर १९६९ पासून तो रँडच्या तिजोरीतील खंड रोज थोडे थोडे आपल्या पेटीतून बाहेर काढी आणि लॉस एंजेलिसमधील एका जाहिरातीच्या कचेरीत रात्रभर झेरॉक्स यंत्रावर त्यांच्या नकला करी. अँथनी रुसो हा त्याचा मित्र त्याला साह्य करी. एके दिवशी त्याने आपल्या १३ वर्षांच्या मुलाला कामाला घेतले. आणि पुढे एकदा १० वर्षांच्या मुलीने कात्री घेऊन पानांवरील ‘परम गुप्त’ हे शब्द कापून काढले. बापाने असे करावे काय? आपल्यापैकी अनेकांना हे रुचणार नाही आणि त्यांना दोष देता येणार नाही. जे ओझे प्रौढाने उचलावयाचे त्याचा भार लेकरांच्या खांद्यावर देणे हे पितृधर्माला धरून नाही, असे म्हणता येईल. एल्सबर्गचे म्हणणे असे होते की, आपण लवकरच तुरुंगात जाणार. तेव्हा बाप वेडाच्या भरात किंवा रागाच्या झटक्यात वागला नाही, शांत डोक्याने आणि कर्तव्य म्हणून वागला, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे. ह्या उत्तराने आपले समाधान होवो वा न होवो. परंतु जो मनुष्य चोरी करावयास निघतो, तो आपल्या मुलांना साक्षीला नेत नाही, एवढे खरे.

त्याने ते कागद घेऊन थेट वर्तमानपत्र गाठले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. प्रथम तो सिनेटर फुलब्राइट ह्यांच्याकडे गेला, इतरांकडेही गेला. त्यांनी सिनेटमध्ये ते उघड करावेत, अशी त्याची विनंती होती. दीड वर्षात कोणी धजला नाही. अखेर १३ जून १९७१ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पहिला भाग छापला. दोनच दिवसांत सरकारने न्यायालयाकडून छपाईस मनाई मिळविली. तेव्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पुढे आला. त्यालाही अडविल्यावर आणखी पत्रे पुढे आली. ३० जून रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने ठरविले की, सरकारला छपाई थांबविता येणार नाही. त्या आधीच, २८ जूनला, एल्सबर्ग बोस्टन येथे आपण होऊन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला होता.

वर्तमानपत्रे सुटली, माणूस अडकला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हेरांसाठी म्हणून जो १९१७ चा हेरगिरीचा कायदा झाला होता, तोच त्याच्यावर लावण्यात आला. सर्व आरोप शाबीत झाले असते तर ११५ वर्षांची शिक्षा होऊ शकली असती. १९७३ साली तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलाने त्याला साधा प्रश्न विचारला: हे तुम्ही का केलेत? सरकारी पक्षाने हरकत घेतली. आणि तो प्रश्न गैरलागू आहे, असे न्यायाधीशांनी ठरविले. आरोपीने अमुक गोष्ट का केली हे पंचांना सांगू दिले जात नाही, असा खटला आपण कधी ऐकला नव्हता, असे वकील म्हणाला. त्यावर, तो आपण आता ऐकत आहात, असे उत्तर त्याला मिळाले, ही हकीकत एल्सबर्गनेच पुढे सांगितली आहे.

ह्या सबंध प्रकरणाचे मर्म त्या एका हरकतीत आहे. कागद नेले काय? नेले. ते गुप्त होते काय? होते. अधिकार नसलेल्या माणसाला दिले काय? दिले. झाले, गुन्हा पुरा झाला. पैशासाठी शत्रूला विकले की लोकांना खरे कळावे म्हणून दिले, ह्याची चौकशी करावयास त्या कायद्यात जागाच नाही. खून झाला तर आपण विचारतो: स्वसंरक्षणार्थ झाला की लुटीसाठी? शिक्षा त्यावर ठरते. मग ज्या कृत्यात हेतू हाच सर्वस्व आहे, तेथेच हेतूला तोंड उघडू द्यावयाचे नाही, हा कोठला न्याय?

एल्सबर्ग सुटला, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मिळून नव्हे. अध्यक्ष निक्सन ह्यांच्या गोटातील माणसांनी त्याची बदनामी करता यावी म्हणून सप्टेंबर १९७१ मध्ये त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केली होती. त्याचे टेलिफोन चोरून ऐकले गेले होते. इतकेच काय, खटला चालू असताना न्यायाधीशांनाच एका मोठ्या सरकारी पदाविषयी विचारणा झाली होती. हे सारे उघडकीस आल्यावर ११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी सरकारच्या गैरवर्तनास्तव खटला काढून टाकला. म्हणजे सरकारचे हात मळलेले निघाले म्हणून आरोपी वाचला. ते स्वच्छ असते, तर जन्मभर तुरुंगात राहिला असता.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. राज्याला गुपिते हवीतच. फौज उद्या कोणत्या घाटाने जाणार, पाणबुडी कोठे आहे, शत्रूच्या गोटात आपला माणूस कोण, ह्या गोष्टी उघड झाल्या तर कोणाच्या तरी मुलाचा जीव जातो. आपल्यापैकी ज्यांची मुले सैन्यात आहेत त्यांना हे समजावून सांगावयास नको. शिवाय, प्रत्येक कारकून जर स्वतःला देशाचा न्यायाधीश समजू लागला, तर कोणतीही कचेरी एक दिवसही चालणार नाही. ज्याला फक्त एक कागद दिसतो त्याला सबंध चित्र दिसत असेलच असे नाही. आणि जनहिताचे नाव पुढे करून वैर साधणारे किंवा कीर्ती मिळविणारे लोक जगात कमी नाहीत. निव्वळ लोभाची उदाहरणे तर आपल्याच देशात आहेत. १९८५ साली दिल्लीत जे हेरगिरीचे प्रकरण उघडकीस आले, त्यात खुद्द पंतप्रधानांच्या कचेरीतील नोकरांनी गुप्त कागदांच्या नकला परक्यांच्या हस्तकांपर्यंत पोहोचविल्या होत्या. त्यांना शिक्षा झाली ह्याचे वाईट कोणाला वाटेल?

शुद्ध हेतूनेही हानी होऊ शकते, ही त्याहून अवघड गोष्ट. अमेरिकेच्या सैन्यातील चेल्सी मॅनिंग ह्या तरुण शिपायाने इराकमध्ये असताना २०१० साली लक्षावधी कागद विकिलीक्स ह्या संस्थेला दिले. त्यांत बगदादमधील १२ जुलै २००७ च्या हल्ल्याचे चित्रणही होते: हेलिकॉप्टरमधून झाडलेल्या गोळ्यांनी रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेची दोन माणसे व इतर कित्येक जण मेले, ते जगाने डोळ्यांनी पाहिले. ते जगापुढे येणे योग्यच झाले. परंतु तेवढेच दिले गेले नव्हते. एका माणसाला वाचणेही शक्य नाही एवढा तो ढीग होता. आणि छापल्या गेलेल्या कागदांत अमेरिकन फौजेला मदत करणाऱ्या काही अफगाण लोकांची नावेही होती. २०१३ साली लष्करी न्यायालयाने शत्रूला साह्य केल्याच्या सर्वांत गंभीर आरोपातून मॅनिंगला मुक्त केले, पण इतर आरोपांवर ३५ वर्षांची सजा दिली. पुढे अध्यक्ष ओबामांनी ती कमी केली आणि मे २०१७ मध्ये सुटका झाली. एल्सबर्गने ४७ पैकी ४३ खंडच वर्तमानपत्रांना दिले होते. उरलेले ४ खंड गुप्त तहाच्या वाटाघाटींचे होते. ते प्रसिद्ध झाल्यास शांततेच्या कामात विघ्न येईल, म्हणून त्याने ते मागे ठेविले. विदुराने तरी हस्तिनापूरच्या कोठारांच्या किल्ल्या युधिष्ठिराच्या हाती दिल्या नव्हत्या. लागेल तेवढेच सांगितले होते. आपल्याला येथे फरक दिसतो. स्वतः एल्सबर्गने मात्र हा फरक मानला नाही. तो अखेरपर्यंत मॅनिंगची बाजू घेत राहिला. तो चांगला आणि मॅनिंग वाईट अशी प्रमाणपत्रे वाटणारे लोक १९७१ साली आपल्यालाही देशद्रोहीच म्हणत होते, असा त्याचा टोला असे. त्या टोल्यात तथ्य आहे. तरीही मापाने सांगणे आणि ढीग रिता करणे ह्यांत अंतर आहे, असेच प्रस्तुत लेखकाला वाटते.

इंग्लंडातील उदाहरण आणखी बोधप्रद आहे. २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडविली. ३२३ माणसे मेली. ती नौका त्या वेळी कोणत्या दिशेने चालली होती, ह्याविषयी पार्लमेंटला जे सांगण्यात आले ते खरे नव्हते. ती खरोखर दूर जात होती. संरक्षणखात्यातील क्लाइव्ह पाँटिंग ह्या अधिकाऱ्याने १९८४ साली त्यासंबंधीचे दोन कागद पार्लमेंटचे सभासद टॅम डॅलिएल ह्यांना पाठविले. शत्रूला नव्हे, वर्तमानपत्रालाही नव्हे. ज्या सभेची दिशाभूल झाली होती तिच्याच एका सभासदाला. खटल्यात न्यायाधीशांनी पंचांना जवळजवळ असेच सांगितले की, राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार म्हणेल ते. पंच बारा सामान्य नागरिक होते. त्यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये पाँटिंगला निर्दोष ठरविले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याने गुन्हा केला होता ह्यात संशय नव्हता. पण पंचांनी, कायदा जे विचारीत नव्हता तेच, स्वतःला विचारले असले पाहिजे. सरकारने धडा घेतला तो निराळाच. १९८९ साली नवा कायदा झाला आणि त्यात, हे मी लोकहितासाठी केले, असा बचाव करण्यास जागा ठेविली नाही.

हा इंग्रजी कायदा म्हणजे आपल्या कायद्याचा सख्खा भाऊ. हिंदुस्थानात सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ सालचा. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ने काश्मीरसंबंधीचा एक सरकारी कागद छापून राज्यकर्त्यांना अडचणीत आणले होते. १९०३ साली लॉर्ड कर्झन ह्यांच्या सरकारने, लष्करी व आरमारी गुपितांसाठी असलेले हे बंधन मुलकी कारभारालाही लावण्याचे बिल आणले. त्या वेळी वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्याला विरोध करण्यास नामदार गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. लष्कराची गुपिते राखण्यास त्यांची हरकत नव्हती. मुलकी कारभारावरील टीका लष्करी गुपिताच्या पांघरुणाखाली दडपली जाईल आणि वर्तमानपत्रांची गळचेपी होईल, ही त्यांची भीती होती. बिल १९०४ च्या मार्चमध्ये मंजूर झालेच. पुढे १९२३ साली त्या सर्वांचा मिळून जो कायदा झाला, तोच स्वतंत्र भारताने वारसा म्हणून स्वीकारला. त्याच्या तिसऱ्या कलमात, हेरगिरीसाठी, हेतूचा विचार आहे; लष्करी बाबतींत त्याखाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाचव्या कलमात, गुप्त माहिती अनधिकृत माणसाला देण्यासाठी, शिक्षा ३ वर्षांपर्यंतच. परंतु लोकहितासाठी दिली, असे म्हणून सुटण्याची सोय तेथे नाही. परकीय राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेची भीती वाटे, म्हणून असे कलम त्यांना हवे होते. स्वराज्याला त्याची तितकीच गरज आहे काय?

काही खिडक्या उघडल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात असे कलम आहे की, माहिती देण्यात लोकहित अधिक आणि हानी कमी असेल, तर १९२३ चा कायदा आड येऊ न देता ती देता येते. राफेल विमानांच्या खरेदीविषयीचे संरक्षणखात्यातील कागद वर्तमानपत्रांत छापले गेले तेव्हा, ते चोरलेले असल्यामुळे न्यायालयाने पाहू नयेत, अशी सरकारची हरकत होती. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी ती फेटाळली, आणि तसे करताना १९७१ च्या त्या अमेरिकन निकालाचाही आधार घेतला. पुढे नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने मूळ तक्रारीत तथ्य नाही असे ठरवून फेरविचाराचे अर्ज फेटाळले. म्हणजे कागद वाचले गेले, विचार झाला, सरकारच्या बाजूने निकाल लागला आणि देशावर काही आकाश कोसळले नाही. उलट, गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळूनही पुढे दहा वर्षे तो अंमलात आला नाही. आणि १९२३ च्या कायद्याखाली येणारी माहिती त्यातून वगळावी, अशी दुरुस्ती लोकसभेने २०१५ साली मंजूर केली. खिडकी उघडली खरी, पण तिला गज बसविण्याची घाई अधिक दिसते.

मग करावे काय? गुपित फोडणाऱ्या प्रत्येकाला हार घाला, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कायदा मोडणाऱ्याने न्यायासनापुढे उभे राहिलेच पाहिजे. परंतु त्या न्यायासनाने चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. सांगितले ते कोणाला: शत्रूला, की ज्यांना ते कळण्याचा हक्क होता त्यांना? सांगितले ते काय: फौजेची चाल, की सरकारचे असत्य? सांगण्यापूर्वी आतला मार्ग चोखाळला काय, आणि तो मार्ग खरोखर मोकळा होता काय? आणि सांगताना निरपराध्यांचा जीव सांभाळला काय, की ढीग उलथून टाकला? ह्या चार प्रश्नांची उत्तरे ऐकून मग कोणाला सोडावे, कोणाला थोडी शिक्षा द्यावी, कोणाला जन्मभर कोंडावे, हे ठरवावे. एल्सबर्ग आणि पाँटिंग ह्या कसोटीला उतरतात; मॅनिंगचे काही कागद उतरतात, काही उतरत नाहीत; दिल्लीचे ते नोकर पहिल्याच प्रश्नाला नापास होतात. कसोटी अवघड नाही. अवघड आहे ते सरकारांना, आरोपीचे तोंड उघडू देणे. कारण त्याच्या उत्तरात त्यांचीही साक्ष निघते.

आपल्या घरांतील मुले आज संरक्षणखात्यात आहेत, प्रयोगशाळांत आहेत, वरिष्ठ कचेऱ्यांत आहेत. त्यांना आपण ‘ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे’ असे सांगतो, ते योग्यच आहे. फक्त मीठ कोणाचे, हेही सांगितले पाहिजे. सरकारी पगार मंत्र्याच्या खिशातून येत नाही; तो रस्त्यावरच्या भाजीवालीपर्यंत सर्वांनी भरलेल्या करांतून येतो. एल्सबर्ग म्हणे की, मी शपथ घेतली होती ती राज्यघटनेच्या रक्षणाची, कोणा अध्यक्षाच्या लज्जारक्षणाची नव्हे. आणि १९६४ सालीच, युद्ध पेटण्यापूर्वी, ते कागद बाहेर न काढल्याबद्दल त्याला जन्मभर रुखरुख लागून राहिली. तो १६ जून २०२३ रोजी वारला. त्याच्या देशातला कायदा तेव्हाही ‘का’ हा प्रश्न ऐकून घेत नव्हता. आपला १९२३ चा कायदा बदलण्याची वेळ जेव्हा केव्हा येईल, तेव्हा निदान तो एक प्रश्न न्यायालयात विचारता येईल एवढी जागा त्यात ठेवावी. विदुराला धृतराष्ट्राने दरबारात उभे केले असते, तर त्यालाही आपले म्हणणे मांडण्याची मुभा मिळाली असती, असा आपला समज आहे; आपल्या प्रजासत्ताकाने त्याहून कमी देऊ नये.